आधी दिवा, मग कान

पेटीमामा चर्चमध्ये आले की आधी वर बघायचे. देवाकडे नव्हे, दिव्याकडे. पेटीच्या बरोबर वर आढ्यापासून एक काळी वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाला साधा पिवळा दिवा होता. भर सकाळी, खिडक्यांतून ऊन आत आलेलं असताना मामा तो दिवा लावत, मान मागे टाकून, डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत आणि मगच पेटीवरचं कापड काढत. पाळकसाहेब पुस्तक उघडून उभे असले तरी मामांचं हे दर्शन उरकल्याशिवाय उपासना सुरू होत नसे. एखादा पाहुणा विचारायचा, "दिवसाढवळ्या दिवा कशाला हो?" मामा म्हणायचे, "आधी दिवा, मग कान." पाहुण्याला काही कळलं नाही तरी पुढे समजावून सांगायचे नाहीत.

आम्हाला मात्र माहीत होतं. आमचं गाव शेवगावच्या बाजूचं. वीज येऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि ती कधी पोटभर यायची, कधी अर्धपोटी. चर्चच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की दिवा लाल पडायचा. आणि मामांची पेटी विजेची होती. दिवा उतरला की तिचा सूरही उतरायचा. तो परत जागेवर आणायला उजव्या अंगाला एक कळ होती. तिचं मूळचं बटण कधीच तुटलेलं. मामांनी तिथं शिंप्याकडचं दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ बसवलं होतं. दिवा गुळासारखा झाला की रीळ जरासं फिरवायचं, विटेसारखा झाला की आणखी. डोळा दिव्यावर, हात रिळावर आणि कान गाणाऱ्यांवर, असा त्यांचा कारभार.

ही पेटी म्हणजे हार्मोनियम नव्हे. मिशनच्या बंगल्यातल्या मडमबाई मायदेशी गेल्या तेव्हा ती मागे राहिली. दिसायला प्रवासाची सूटकेस. झाकण उघडलं की आत काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांखाली बटणांची रांग. भाता नाही, हवा नाही. पोटात काचेचे व्हॉल्व्ह होते, ते तापले की विजेतूनच सूर निघायचा. सोबत स्पीकरचं वेगळं लाकडी खोकं. आवाज लहानमोठा करायला खालून एक दांडी, ती गुडघ्यानं बाहेर ढकलायची. बटणांवरची इंग्रजी अक्षरं झिजून गेली होती. मामांनी त्यांना आपली नावं दिली होती. एक बटण 'मांजर', एक 'बासरी', एक 'वरात' आणि एक 'आजारी वरात'. गुड फ्रायडेला मांजर लावायचं, ईस्टरला वरात. आजारी वरात कधी लावायची असं मी लहानपणी विचारलं, तर म्हणाले, "वर्गणी जमली न्हाई की."

मामा फौजेत बिनतारी खात्यात होते. रेडिओच्या पोटात हात घालायला तिथं शिकले. पेन्शन घेऊन गावी आले, आणि ज्या पेटीला पाळकसाहेबसुद्धा हात लावायला भीत होते ती त्यांनी मांडीवर घेतली. तेव्हापासून त्यांचं खरं नाव फक्त चर्चच्या दप्तरात राहिलं. मामींनासुद्धा बाया 'पेटीमामी' म्हणत, आणि त्या चिडत. "माझं लगीन मानसाशी लागलंय, पेटीशी न्हाई," असं म्हणत.

व्हॉल्व्ह तापायला वेळ लागायचा. कुणी घाई केली की मामा विचारत, "तवा तापल्याबिगर भाकरी टाकता का घरी?" पेटी कधी मधेच मुकी व्हायची. मग डाव्या अंगाला एक थाप मारायची. ती थाप आम्ही सगळ्यांनी एकदा तरी मारून पाहिली होती. कुणालाच जमली नाही. तबलजी सुदामनं एकदा अशी हाणली की आतून काहीतरी सुटून खुळखुळायला लागलं. मामा म्हणाले, "सुदाम, थाप सुईन मारती तशी मारायची. लेकरू रडावं म्हनून. तू सासूवानी मारतोस."

पेटीला आणखी एक खोड होती. एका वेळी ती एकच सूर काढायची. दोन पट्ट्या दाबल्या तरी बोलणार एकच. "हिला तोंड एकच हाय," मामा म्हणत, "पन खरं बोलती." मग गाण्याला मागून धरून ठेवणारा सूर आणायचा कुठून? त्याची युक्ती मामांनी टेपरेकॉर्डरमधून काढली. मडमबाईंच्या सामानातच तो आला होता. जड, झाकणाचा, आणि समोर काचेचा एक हिरवा डोळा असलेला. आवाज आला की तो हिरवा उजेड मिटायचा, थांबला की उघडायचा. मामांनी पेटीचा एकच लांब सूर टेपवर धरला, तेवढी टेप कापली आणि दोन्ही टोकं जोडून तिची माळ केली. ती माळ यंत्रातून निघून खुर्चीच्या पाठीला अडकवलेल्या पेन्सिलीवरून फिरून पुन्हा यंत्रात जायची. फिरत राहायची आणि तो सूर न तुटता वाजत राहायचा. टेप कापायची तर तिरकी, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. "सरळ कापली तर दर फेऱ्याला ठेच लागती. तिरकी कापली तर पाय घसरत जातो, कळत न्हाई." जोड दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा.

ती माळ पुढे त्यांनी बंद केली. "टेप खराब झाली," म्हणाले. आम्ही मानलं. मामांचं सगळंच आम्ही मानत होतो.

मानायची सवय त्यांनीच लावली होती. गायनाच्या तालमीत त्यांचा एकच कायदा होता: पेटी सांगेल तसं. सुदामचा तबला पेटीला लावायचा, आमचे गळे पेटीला लावायचे, आणि पेटीशी वाद घालायचा नाही. एकदा मी घातला. मी नुकतीच बी.ए. होऊन नगरहून परत आले होते आणि गावच्या शाळेत शिकवत होते. आमच्या घराण्यातली मी पहिली ग्रॅज्युएट. बाप मिशनच्या विहिरीवर मोट हाकायचा, आईनं घमेली वाहिली. मी पास झाले तेव्हा गावानं पेढे वाटले नाहीत, मीच वाटले. तर अशा तोऱ्यात मी म्हणाले, "मामा, दुसऱ्या कडव्याला पेटी उतरली होती. मी बरोबर होते." मामा शांतपणे म्हणाले, "व्हत्या की. पन तुमी एकट्या बरोबर आन बाकी सगळे चूक, मंग ऐकनाऱ्याला काय ऐकू येतं? भांडन. पेटी उतरली तर सगळ्यांनी मिळून उतरायचं, बी.ए. बाई. तिला वर आनायचं काम माझं. तुमचं न्हाई." मला ते पटलं नव्हतं, पण पुढे मीही तसंच गायला लागले. आमची सगळी मंडळीच तशी तयार झाली. आंधळ्याच्या खांद्यावर हात ठेवून चालावं तशी.

मग दुष्काळ आला. पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. माणसं खडी फोडायच्या कामावर, जनावरं छावणीत. आमच्या बापानं तोवर स्वतःची बैलजोडी केली होती. ती घेऊन तोही छावणीत जाऊन राहिला. तिथल्या माणसांना जरा विरंगुळा म्हणून आमची गायनमंडळी एका दुपारी तिकडे गेली. छावणीच्या कडेला एक विहीर होती. पाणी नव्हतं, पण मोटारीचं वीजजोड होतं, त्यातून मामांनी पेटीला आणि टेपला वीज घेतली. गाणी झाली. मग मामांना वाटलं, या लोकांना काहीतरी गंमत ऐकवावी. त्यांना आवाज जमवायचा नाद होता. सुताराचा रंधा, एस.टी.ची घरघर, कोंबडा, असलं बरंच टेपवर धरून ठेवलेलं. त्यांनी एक रीळ चढवलं. ते मोटेचं होतं, विहिरीवर मोटार बसायच्या आधी मिशनच्या बंगल्यावरून वायर ओढून धरलेलं. आधी चाकाची कुरकुर. मग आमच्या बापाचा आवाज, "हो राजा, हो... चल माझ्या सोन्या..." आणि मग मोट रिकामी होऊन पाटात पाणी पडल्याचा धबधब.

छावणीतले बैल उठले. सगळे नव्हे, जे मोटेवर चाललेले होते ते. आमची जोडी सगळ्यांत आधी. दाव्याला हिसके द्यायला लागली. पाण्याचा आवाज आला त्या दिशेनं माना वळल्या, आणि तिथं एक लाकडी खोकं होतं. बाप जवळ उभा होता आणि त्याचाच आवाज खोक्यातून येत होता. तो म्हणाला, "मामा, बंद करा." मामांची पाठ होती. तो पुन्हा म्हणाला, "मामा, बंद करा की!" मामा टेपवर वाकून फिरणारं रीळ बघत राहिले. बापाला राग आला तो त्या वेळी. पुढे होऊन त्यानं मामांचा दंड धरला. मामा दचकून वळले, बैलांकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडावरचा रंगच गेला. कळ दाबून त्यांनी यंत्र बंद केलं.

"जनावराला खोटं कळत न्हाई, मामा," बाप एवढंच म्हणाला.

ते रीळ मामांनी पुन्हा कधी लावलं नाही. पण माझ्या मनात दुसरंच काही अडकलं होतं. बापानं दोनदा हाक मारली होती, आणि आमच्या बापाची हाक विहिरीच्या तळाला पोचायची.

पुढच्या शनिवारी तालीम होती. मामांनी अलीकडे एक नवी पद्धत सुरू केली होती. टेपरेकॉर्डर स्पीकरच्या खोक्यावर ठेवायचा, त्याचा माईक आमच्यासमोर टांगायचा. "तुमचं गानं टिपून ठेवतोय," म्हणायचे. मला माझा आवाज ऐकायची हौस. बाकीचे पांगल्यावर मी मागून गेले आणि बघते तर यंत्रावर टेपच नाही. रिळांच्या दोन्ही जागा रिकाम्या. नुसता हिरवा डोळा पेटलेला. मामा पाठमोरे बसून त्या डोळ्याकडे बघत होते.

"मामा, टेप कुठंय?"

उत्तर नाही. मी माईकच्या जवळ सरकले आणि मोठ्यानं म्हणाले, "मामा!"

हिरवा डोळा मिटला, उघडला. आणि मग मामा वळले.

माझ्या आवाजानं नव्हे. डोळा मिटला म्हणून.

मग त्यांनी समोरचा बाक दाखवला. मी बसले. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "हळूच बोला, पन तोंड नीट हलवा. कळतं मला."

"कधीपासून?"

"डावा तर गेलाच. उजव्यात कोंडा चाळल्यावानी कायतरी वाजत ऱ्हातं. नगरला दाखवलं. डॉक्टर म्हनला, नस वाळली. कान हाय, पन ह्या सालच्या विहिरीगत. वर काठ हाय, आत पानी न्हाई."

"मामींना माहीत आहे?"

"तिला कसं म्हायती नसंल? ती आता हाक मारीतच न्हाई. धपाटाच घालती." हे सांगताना ते हसले, आणि हसताना डोळे पुसले.

मग सगळा उलगडा झाला. डावा हात स्पीकरच्या खोक्यावर पालथा ठेवून ते वाजवायचे. आम्हाला ती ऐट वाटायची. तो हात लाकडातून सूर चाचपत होता. आम्ही कधी सुरू झालो, कधी थांबलो, हे हिरवा डोळा सांगत होता. सूर उतरला का, हे दिवा सांगत होता. टेपची माळ बंद झाली ती टेप खराब झाली म्हणून नव्हे; तिच्याशी पेटी जुळवायला कान लागत होता.

"बाई," मामा म्हणाले, "तुमाला कळलंय ते तुमच्यापाशी ठेवा. पेटीवरून उठवलं तर मी कोन? वर्गनी देनारा म्हातारा."

मी शब्द दिला. एवढंच नव्हे, आम्ही खुणाही ठरवल्या. आवाज किती मोठा निघतोय हे त्यांना नीट कळत नसे. म्हणून मी पहिल्या रांगेत त्यांच्या समोर उभं राहायचं. हनुवटी वर केली की दांडी ढकलून आवाज वाढवायचा. खाली केली की कमी करायचा. सुरासाठी खूण ठेवली नाही. सुराचं काम दिव्याकडे होतं.

ईस्टर जवळ आला. आमचे चेअरमन भाऊसाहेब, मनानं चांगला माणूस, पण हौशी. दुष्काळात लोकांची मनं खचलीत, निदान सणाला तरी चर्च उजळावं म्हणून त्यांनी कुठून कुठून खटपट करून ट्यूबलाइट आणल्या. शनिवारी त्या लागल्या. पांढराफेक उजेड पडला. वायरमननं शिडीवरूनच विचारलं, "हा दिवा काढू का?"

"काढ की," भाऊसाहेब म्हणाले. "ट्यूबशेजारी हा पिवळा दिवा म्हंजे नवरदेवाच्या पायात तुटकी चप्पल."

मामा पुढे झाले. "तो ऱ्हाऊ द्या."

"कशाला? आता दिसंना का तुमाला? चार ट्यूबा हायेत!"

"ऱ्हाऊ द्या, म्हनतो."

"अहो मामा, जुनं ते सोडा जरा."

मी म्हणाले, "भाऊसाहेब, एका दिव्यानं तुमचं काय अडतंय?"

"बाई, तुमी शाळा सांभाळा."

मी मामांकडे बघितलं. कारण सांगितलं असतं तर दिवा राहिला असता. माझ्या ओठांवर आलंही होतं. मामांनी मान किंचित हलवली. नाही. वायरमननं दिवा उतरवून मामांच्या हातात दिला आणि वायर आढ्याला गुंडाळून टाकली. ट्यूबचं असं असतं की वीज थोडी उतरली तरी ती आपली पांढरीच दिसते. लाल पडत नाही. काही सांगत नाही. पण हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं; नवी खूण ठरवायचं त्या गडबडीत दोघांनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. खडीच्या कामाला रविवारी सुट्टी, म्हणून माणसं दुरून चालत आलेली. आणि सुट्टी म्हणूनच शेजारी गिरणीवर बायांची रांग. आठवड्याची, रेशनवरची परदेशी मिलो ज्वारी त्याच दिवशी दळून न्यायची. शेवटचं मोठं गीत सुरू झालं. मामांनी वरात लावली होती. पहिलं कडवं असं उठलं की अंगावर काटा आला. दुसऱ्या कडव्याला भिंतीपलीकडे गिरणी सुरू झाली.

सूर घसरला. थोडाच. आम्हीही घसरलो; पेटी सांगेल तसं. मी मामांच्या हाताकडे बघितलं. रीळ हललं नाही. त्यांची नजर सवयीनं वर गेली, तिथं ट्यूब होती, ती पांढरी होती. नजर समाधानानं खाली आली. मग गिरणीवाल्यानं मिरचीचं कांडपही जोडलं. सूर आणखी उतरला. आम्ही त्याच्या मागे. कुणी थांबलं नाही, कुणी वर राहिलं नाही. इतक्या वर्षांची शिकवण होती. तबला तेवढा आपल्या जागेवर खणखणत होता, आणि त्यामुळे तोच खोटा वाटायला लागला. सुदामनं घाईघाईनं हातोडी घेतली आणि चांगला लागलेला तबला ठोकून उतरवायला सुरुवात केली.

मी काय करणार? सूर वर घ्या, हे सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. जीव घाबरा झाला आणि माणूस वर, वर म्हणताना जे करतो तेच माझ्याकडून झालं. माझी हनुवटी वर गेली.

मामा हसले. गुडघा बाहेर ढकलला. पेटी दुप्पट मोठ्यानं वाजायला लागली.

त्या मोठ्या, पडलेल्या सुरामागे आम्ही उतरत राहिलो. खर्जातली पुरुष मंडळी आधी विहिरीत बोलल्यासारखी घुमली आणि मग त्यांच्या गळ्यातून आवाज येईना. नुसती तोंडं हलत राहिली. मामांना तोंडं दिसत होती. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं, मग ओळच्या ओळ हसायला लागली. मामांना हसणारी माणसं दिसली. सणाचा आनंद वाटला असेल त्यांना. त्यांनी दांडी आणखी ढकलली. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला बघवेना. मी गायची थांबले.

गीत संपलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सुदामच्या हातातल्या हातोडीकडे. मग वर, गुंडाळलेल्या वायरीकडे. आणि पट्ट्यांवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

उपासनेनंतर पंचमंडळी बाहेर लिंबाखाली जमली. पेटी बाहेर आणून ठेवलेली. मामांना कुणी बोल लावला नाही, हे सांगायला हवं. उलट भाऊसाहेब समजुतीनं म्हणाले, "मामा, तुमी मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष? ही पेटीच आता कामातून गेली. किती वर्सं चालनार? मोडीत घालू आन चांगली हार्मोनियम आनू. तुमीच वाजवा."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. सगळं सुरळीत झालं असतं. पेटी मोडीत, मामा हार्मोनियमवर, आणि आमचं गुपित आमच्यापाशी. मामा भाऊसाहेबांच्या ओठांकडे टक लावून बघत होते. शेवटच्या शब्दापर्यंत बघितलं. मग वाकून पेटीच्या झाकणावरची धूळ हातानं पुसली.

"पेटीला नाव ठिवू नका," ते म्हणाले. "पेटी नीट हाय. मला ऐकू येत न्हाई."

मग सरळ उभे राहिले.

"दोन वर्सं झाली. बिलकूल येत न्हाई म्हनलं तरी चालंल."

भाऊसाहेब म्हणाले, "मंग इतके दिवस वाजवलं कसं?"

"तुमी गाताना दिसत हुता की."

भाऊसाहेबांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "अहो मामा, एका शब्दानं सांगायचं. सांगितलं असतं तर मी तो दिवा काढला असता का?"

"सांगितलं असतं," मामा म्हणाले, "तर मलाच काढलं असतं."

कुणीतरी "छे छे" म्हणेल म्हणून मी वाट बघितली. कुणी म्हणालं नाही. मी तेव्हाही म्हणाले होते आणि आजही म्हणते, वाईट कुणीच नव्हतं त्यात. पण कुणी म्हणालं नाही, हेही खरं.

आणि झालं तसंच. आठवड्याभरात शेवगावहून हार्मोनियम आली आणि वाजवणाराही आला. मामांना पहिल्या रांगेत मानाची खुर्ची ठेवली. पेटीला मोडीत घातलं नाही, मामांच्या शब्दाखातर पाळकसाहेबांच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. मामा त्या खुर्चीवर एकदाच बसले. नंतर मागच्या बाकावर, दाराजवळ बसायला लागले. हार्मोनियम सुरू झाली की बाहेर लिंबाकडे बघायचे. भाऊसाहेबांनी पेटीच्या जागी पुन्हा दिवा लावतो म्हटलं तेव्हा मामा म्हणाले, "आता तिथं काय काम त्याचं? माझ्या घरी लावतो."

पुढे मामींनी अंथरूण धरलं, त्या गेल्या, आणि मामांना त्यांची मुलगी पुणतांब्याला घेऊन गेली. एस.टी.त चढताना त्यांच्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला दिवा. मी म्हटलं, "मामा, तिकडे दिवे मिळत नाहीत का?" माझ्या ओठांवरून त्यांना ते कळलं. म्हणाले, "मिळतात. पन ह्याचं लाल मला म्हायती हाय."

मी त्यांना भेटायला एकदाच जाऊ शकले. गोदावरीकडे जाणाऱ्या बोळात मुलीचं घर. मामा खाटेवर बसले होते, खूप वाळलेले. डोळेही मंदावले होते. ओठ वाचणं आता जमत नव्हतं म्हणून घरात पाटी-पेन्सिल ठेवली होती. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत गावाकडची खबर लिहिली. पाऊस बरा झाला. बापाची जोडी जगली. सुदामला मुलगा झाला. मामांनी वाचून एकेकाला मान डोलावली. सुदामच्या मुलावर म्हणाले, "थाप हळू मारायला शिकव म्हनावं."

खाटेच्या वर त्यांचा तो दिवा लोंबत होता, भर दुपारी चालू. मुलगी म्हणाली, "दिवसभर लावून ठेवतात. बंद केला की चिडतात. काय बघतात त्यात, कुणास ठाऊक."

पलीकडच्या गल्लीत गिरणी सुरू झाली. आम्हाला दोघींना ऐकू आली. दिवा गुळासारखा झाला, मग विटेसारखा. मामा त्याच्याकडे बघत होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता. त्याची दोन बोटं आणि अंगठा एकमेकांना लागले आणि मनगट किंचित, अगदी बेताचं वळलं. लागेल तेवढंच.

मुलीला ते दिसलं नाही. मला दिसलं. मी खाटेच्या समोर सरकले, त्यांच्या डोळ्यांसमोर येईन अशी, पहिल्या रांगेत उभी राहायचे तशी. आणि हनुवटी वर केली.

मामांनी माझ्याकडे बघितलं. हसले. आणि त्यांचा गुडघा हळूच बाहेर सरकला.